अडचणीचा डबा

२८ मे

चप्पल शिवून झाली! सासूबाईंची उजवी. अंगठ्याजवळचा पट्टा सुटला होता. कोपऱ्यावरचा चपलावाला म्हणाला, टाकून द्या. मी घरीच जाड दोरा दुहेरी घेऊन शिवली, आतून पक्की गाठ मारली. नव्या जोडाचे पैसे सरळ डब्यात. देवा, अशीच बुद्धी दे.

प्रार्थनामंडळात बचतीवर बोलून गेल्या त्या बाईंचंच हे — तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, खरी अडचण आल्याशिवाय हात लावू नका. म्हणून तो अडचणीचा डबा. देवाच्या फळीवर, मागे. त्यांचा पहिला उपाय, बाहेरचं जेवण बंद करा. यांना सांगितलं तर म्हणाले, आधी सुरू करू, मग बंद करू. दुसरा उपाय, हौसेची खरेदी. तीही नाही. मग कापायचं काय? वर्तमानपत्र कापलं. यांचं छापखान्यापर्यंतचं बसभाडं कापलं, चालत जातात. सासूबाईंची साखरेची तपासणी दर महिन्याला व्हायची, ती कापली. त्याच म्हणाल्या, रक्त माझं, साखर माझी, त्या लॅबवाल्याला कशाला वाटा? फार हसलो.

६ जून

घरात वास येतो. कुजल्यासारखा. उंदीर मेला असणार.

७ जून

कपाट ओढलं, पिंप हलवलं, मोरी घासली. उंदीर नाही. हे म्हणतात भिंतीच्या फटीत असेल, वाळला की जाईल वास. सासूबाई पलंगावर बसून बघत होत्या, पाय पांघरुणात. म्हणाल्या, उंदीरही या घरात राहून काटकसरी झाला, मेला तोही घरच्या घरी.

आज हसू आलं नाही. का कोण जाणे.

९ जून

वास पलंगापाशी जास्त आहे.

एवढ्या उकाड्यात त्या पायात मोजे का घालतात? विचारायचा धीर होत नाही. का होत नाही, ते लिहायचाही होत नाही.

१० जून

विचारलं. म्हणाल्या, आधी दार लाव.

मोजा निघेना, चिकटला होता. कोमट पाण्यानं भिजवत भिजवत सोडवला. अंगठा काळा. शेजारची दोन बोटं निळी पडलेली. "दुखत नाही गं," म्हणाल्या. असा पाय — आणि दुखत नाही!

हे रात्रपाळीला गेलेले. मी डबा खाली काढला. झाकणावर हात ठेवून उभी राहिले. ही खरी अडचण का? की खरी अजून यायचीय? असा विचार केला मी! देवासमोर उभं राहून! डबा परत वर ठेवला. घरातलं मलम लावलं. सकाळी बघू म्हटलं.

झोप नाही. वास आता माझ्या हातांना येतोय.

११ जून

सकाळी ताप. अंग चटका बसेल असं. आम्ही दोघांनी उचलून टॅक्सीत घातलं.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, साखर शेवटची कधी तपासली? मी सांगितलं, बंद केली होती. जखम धुताना नर्स म्हणाली, इथे काहीतरी कडक घासत होतं बरेच दिवस, बारीक गाठीसारखं. सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, हिला काही माहीत नाही.

नर्स गेल्यावर मी विचारलं, मला सांगितलं का नाही?

"इतकी खूश होतीस चप्पल शिवून." मग म्हणाल्या, "आणि तो डबा अडचणीचा. मला अडचण व्हायचं नव्हतं."

उद्या कापावं लागेल म्हणतात. अंगठाच की आणखी, ते आत नेल्यावर कळेल. बाहेर बाकावर बसून लिहितेय. डबा पिशवीत, मांडीवर. हे पलीकडे डोकं धरून बसलेत. माझ्यावर रागावले असते तर बरं होतं.

त्या बाईंचं खोटं होतं असं नाही. ज्यांच्या घरात जादाचं असेल त्यांनी ते कापावं. आमच्यात जादाचं काही नव्हतंच. मी कापलं ते अंगातलं कापलं.

देवा, अंगठ्यावर भागव. अंगठ्यावर भागव.

१२ जून

पाऊल गेलं. घोट्यापासून.

दुपारी शुद्धीवर आल्या. खुणेनं मला जवळ बोलावलं. आवाज फुटत नव्हता, तोंडाशी कान नेला.

"आता एकच चप्पल लागेल," म्हणाल्या. "तेवढीच बचत."