घोषबाबूंची शाल

शनिवार संध्याकाळ, युट्रेख्ट, नेदरलँड्स

घोषबाबूंची ती रेशमी शाल डोक्यातून जात नाही. हीटर चालू, तरी शाल. इथल्या बंगाली पुस्तकांना, गाण्यांना, सिनेमांना पैसा यांचाच, म्हणून आज सिनेमाआधी अर्धा तास यांचाच सत्कार. "बांग्ला माझ्या रक्तात आहे," म्हणाले. इंग्रजीत. रक्तात म्हणे. मी तरी टाळ्या का वाजवल्या?

मौशुमीने मला, तिच्या एकुलत्या मराठी मैत्रिणीला, कौतुकाने त्यांच्याच शेजारी बसवलं होतं. शेवटाकडे इंग्रजी सबटायटल्स बंद पडली. पडद्यावरची आई काहीतरी बोलली आणि मागे सगळे डोळे पुसायला लागले. मला शब्द कळेना. विचारावं म्हणून मी घोषबाबूंकडे वळले, तर शाल सावरत तेच माझ्याकडे झुकले होते.

"क्या बोली वो?"