तेवढी कसम उतरव

प्रिय नगमा बेटा,

पत्र पाहून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण तुझा फोन स्पीकरवर आणि सासूबाई शेजारी. त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी नाही, म्हणून हे मराठीत. वरूडच्या शाळेतली मराठी आहे, चुका पोटात घाल.

पंजाबरावांच्या बगीच्यात पुन्हा तीच विहीर खोल करून राहिलो. मागच्या उन्हाळ्यात खडक फोडून पाणी लागलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. यंदा तळाला बादलीसुद्धा बुडत नाही. संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळली, काही चुलीत गेली. पाणी खाली जातं, आम्ही त्याच्या मागं. थकलो बेटा. आता राग येण्याइतकीही ताकद नाही.

शाकीबचं म्हणशील तर तुझा नवरा कामाला वाघ आहे. अकोल्याची जिनिंग बंद पडून तो माझ्याकडे आला तेव्हा वाटलं होतं, कापसात वाढलेला माणूस, दगड पाहून पळेल. पळाला नाही. फक्त माझ्या भाकरीला नावं ठेवतो.

आता कामाचं ऐक. माझ्याकडे गोडेतेलाचा एक रिकामा पिपा आहे. सुरुंग पेटवणाऱ्या केपा बाहेर काढायच्या आधी सगळ्यांना फोन बंद करून मी त्यात टाकायला लावतो आणि पिपा दूर बांधावरच्या निंबाखाली ठेवतो. केप विजेवर उडते, आणि तिला जराशी वीज पुरते. फोनमुळे ती उडेलच असं नाही, पण एकदा उडाली तर सांगायला कोणी उरत नाही. पंजाबराव हसतात, म्हणतात गयासभाई फोनला भूत समजतात. हसू देत.

बुधवारी दुपारी शाकीब तळाशी केपांच्या तारा जोडत होता. मी काठावर. विहिरीत आवाज घुमतो, तुला माहीत आहे. तर खालून घूं घूं ऐकू आलं आणि त्याचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. ओरडलो नाही, दचकून त्यानं काही ओढलं असतं तर? हळूच म्हटलं, तार सोड, वर ये. पिपा उघडून पाहिला तर त्यानं घरचा जुना, मेलेला फोन त्यात टाकला होता. चालू फोन खिशात. आवाज बंद केला की धोका संपला असं समजत होता बिचारा. खिशात जो हलला तो तुझा मिस कॉल होता, रोजचा, जेवलास का विचारणारा.

मी चार शिव्या दिल्या. तो म्हणाला, “अब्बा, नगमानं कसम घातली हाय. फोन बंद केला तं माह्यं मेलेलं तोंड पाहशील म्हने. मी कसा बंद करू?”

लहानपणी शिवारात धमाका झाला की तू दारात येऊन उभी राहायचीस. मी वाटेवर दिसेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाहीस. तुझी अम्मी ओरडून थकायची. तीच तू, आता नवऱ्याला कसम घालून बसलीस. तुझ्यावर कसा चिडू?

त्या दिवसापासून मी त्याला विहिरीत उतरू देत नाही, आणि तो कसम मोडत नाही. केपा मीच जोडतो. गुडघे ऐकत नाहीत, शिडीवर दोनदा पाय सुटला. कसम ज्यानं घातली त्यानंच उतरवायची असते, माझ्या सांगण्यानं ती उतरत नाही. म्हणून हे पत्र. संध्याकाळी तो घरी आला की फोन कर आणि तुझ्या तोंडानं सांग, कसम उतरवली. सगळे वर आले, धमाका झाला, की पिप्यातून पहिला फोन त्याचा काढीन आणि तुला मिस कॉल द्यायला लावीन. तोवर दारात उभी राहायचं तर राहा. पाणी मात्र पीत जा.

तुझाच,
अब्बा