तुला उचलायला नको होतं

प्रिय संभा,

तुला जाऊन चार महिने झाले, आणि मी आज धारा काढून झाल्यावर पहिल्यांदा कागद घेऊन बसलोय. काल तालमीत एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पैलवान मानेवर पडला तर काय करायचं, ते शिकवायला.

"आधी त्याला हलवू नका," त्या म्हणाल्या. "डोकं आहे तसंच दोन्ही हातांनी धरून बसा, दुसऱ्याला ॲम्ब्युलन्स बोलवू द्या." एवढंच! एवढं सोपं होतं रे?

शिरोळकडचं ते जत्रेचं मैदान. तुझा डाव फसला, तू मानेवर आदळलास आणि उताणा पडलास. मला काय दिसलं? तुझी मान नाही. पाठ मातीला लागलेली, आणि सगळं गाव बघतंय, एवढंच दिसलं. हरलेला पैलवान पडून राहिला की बघणाऱ्यांना विषय मिळतो, म्हणून आपण त्याला लगेच उभा करतो. मी धावत येऊन तुझ्या काखेत हात घातले.

"थांब की आण्णा, मानेत काय तर झालंय," तू म्हणालास.

"उठ की! समदी बघायल्यात!"

आणि ओढलं तुला. उभा कसला राहतोस? माझ्या हातातच लोंबकळलास.

पुढची दोन वर्षं खाटेवर, मानेखालचं सगळं अंग लुळं. पाठीला जखमा, शेवटी न्यूमोनिया. कूस बदलायला मलाच हाक मारायचास, पण त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस. का रे? दोन शिव्या तरी घालायच्या होत्यास! तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

आई येईल त्याला सांगते, "पडला तवाच समदं संपलं हुतं बघा." मी खाली बघत ऐकतो. पडल्यानं झालं की उचलल्यानं, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, आता नक्की सांगता येणार नाही. त्यांना येणार नाही. पण मी उचलण्याआधी तुझी टाच माती उकरत होती, संभा. मी पाहिलं होतं. आजवर कुणालाच बोललो नाही.

रविवारी तालमीत बाई पुन्हा येणार आहेत. तिथं सगळ्या पैलवानांपुढं हे सांगेन, माझ्या तोंडानं. पण आधी आईला. तिनं पुन्हा माझं तोंड नाही पाहिलं तरी चालेल.

ती गोठ्यात आहे. आत्ताच हाक मारलीय तिला.

तुझा,
आण्णा