कितवी खेप

भवानी पेठ, सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. महेश्वरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी आणि अण्णा बरे आहोत. अण्णांचा गुडघा तसाच आहे आणि कुरकुरही तशीच. तू वेळेवर जेवत असशील असं धरून चालते.

तुझा मेसेज मिळाला. "गरोदर बायकांच्या योगाचा चांगला वर्ग सोलापुरात बघून ठेव, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." दोन वर्षांत तू मला 'हो', 'नाही' आणि 'बरं' यापलीकडे काही लिहिलं नव्हतंस. मी लगेच पायात चप्पल घातली. फोनवरही सांगता आलं असतं, पण सोबतच्या फॉर्मवर तुझी सही लागते, म्हणून हे पाकीट. जावईबापू सोमशेखरराव इथे आलेत, रविवारी कुर्डुवाडीला परततील, त्यांच्या हाती देते. पुढच्या महिन्यापासून तू जुळे सोलापुरात नणंदबाईंकडे राहणार हेही त्यांच्याकडूनच कळलं. बरं झालं. तिथून दवाखाना जवळ पडतो.

तीन वर्ग पाहिले. वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माल तपासलाय, त्यामुळे माझ्या डोळ्याला आधी दोष दिसतो, हे तुला ठाऊक आहे.

पहिला आपल्याच पेठेत, एका जिमच्या वर. दोन जिने चढायचे. सहाव्या महिन्यातल्या एका पोरीला तिथली बाई म्हणत होती, "वाका की ताई अजून, घाबरताय काय!" ती पोर बिचारी वाकली. मी उठून आले. आपल्या घरापासून चार मिनिटांवर आहे. तो चांगला निघावा अशी माझी फार इच्छा होती, हे लिहून टाकते.

दुसरा सात रस्त्याजवळ. एसी, बासरी, भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं. मूल गोरं होईल आणि शाळेत पहिलं येईल असं बाईंनी सांगितलं. मी विचारलं, कुणाला चक्कर आली तर काय करता? तर म्हणाल्या, "आम्ही पॉझिटिव्ह विचार करतो." मी म्हटलं, करा.

तिसरा विजापूर रोडला. अमिनाबाई तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. घराच्या तळमजल्यावरची खोली, सहाच बायका, प्रत्येकीला खुर्ची. कुणाला कितवा महिना, कुणाचं बीपी वाढलंय, सगळं तोंडपाठ. एकीला म्हणाल्या, "तुमी आज काय करू नका. बसा, श्वास घ्या, बास." मला हा वर्ग पसंत पडला. तुझ्या नणंदबाईंच्या घरापासून रिक्षाने पाच मिनिटं.

त्यांनी फॉर्म पुढे घेतला. "पेशंट कुटं हाय?"
"कुर्डुवाडीला. मी तिची आई."
"कितवी खेप?"
"पहिलीच," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. मी नमस्कार केला, बाहेर येऊन रिक्षात बसले. पत्रा तालमीपर्यंत गेले असेन, तिथून रिक्षा परत फिरवली. रिक्षावाला म्हणाला, "काय इसरलं काय, मावशी?" मी म्हटलं, हो.

अमिनाबाई खुर्च्या आवरत होत्या. मी सांगितलं, "पहिली नाही, दुसरी. पहिलं पोटातच गेलं, नववा लागल्यावर."
"लई उशीर झाला का दवाखान्यात न्यायला?"
"झाला."

कुणामुळे, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. त्या दिवशी सकाळी नऊला तू म्हणालीस, आई, बाळ हलत नाही. मी म्हणाले, पहिलटकरणीला असंच वाटतं, चहा घे, पड जरा. अकराला तू पुन्हा सांगितलंस. मी शेजारणीशी बोलत होते. रिक्षा आणली दुपारी चारला.

त्यांनी 'पहिली' खोडून 'दुसरी' लिहिलं. म्हणाल्या, "आता बराबर."

पण बरोबर झालं नव्हतं. बाळ गेल्यावर सगळे भेटायला आले होते तेव्हा मी काय बोलले ते तुला माहीत आहे. मी म्हणाले, हिनं आम्हाला वेळेवर सांगितलंच नाही. तुझ्या सासूबाई होत्या, नणंदबाई होत्या. तू आतल्या खोलीत होतीस आणि दार उघडं होतं. तू बाहेर येऊन भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती पिशवी भरलीस.

मी घाबरले होते. हे कारण नाही, नुसतं सांगते.

फॉर्मच्या शेवटी एक ओळ आहे: काही वेगळं वाटलं तर लगेच कुणाला फोन करायचा? अमिनाबाई म्हणाल्या, "पयल्या शब्दाला उठंल त्येचंच नाव लिवायचं." मी पेन खाली ठेवलं. माझं लिहायला हात धजला नाही. तिथे नणंदबाईंचं नाव लिही.

काल नणंदबाईंकडे जाऊन आले. त्यांनी चहा ठेवला, पण मी म्हटलं, आधी माझं ऐका. नऊ, अकरा, चार, सगळं सांगितलं. दोन वर्षं त्या तुझीच चूक समजत होत्या. त्यांनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "हे तुमी तवाच का न्हाय बोलला?" आज तुझ्या सासूबाईंनाही फोन करून हेच सांगितलं. अण्णांना सकाळी सांगितलं, ते चहा तसाच ठेवून उठून गेले.

वर्ग सोमवार आणि गुरुवारी, सकाळी दहाला. मी तिथे येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन.

पोरी, तू सांगितलं होतंस. दोनदा सांगितलं होतंस.

तुझी आई,
दाक्षायणी