नऊ लाखांचा वक्ता

२ जुलै, सकाळी
ज्ञानेश्वरीला सीईटीत अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल. पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आता टप्प्यात. बुद्धी बापाची. चांगुणा म्हणाली, "पोरीनं गिरणीत दळणं दळता दळता अभ्यास केलाय. तुमी तवा घोरत व्हता." बायकोला घोरणं आणि चिंतन यातला फरक कळत नाही.
संकल्प : या विषयावर जाहीर व्याख्यान. 'शिक्षण हा हक्क आहे, भीक नव्हे!' इथे टाळी.

४ जुलै
फीमाफीसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे म्हणे. म्हणजे गरिबाच्या पोरीची हुशारी एकटी पुरत नाही, सोबत गरिबीही सिद्ध करायची! श्रीमंताला कॉलेजच्या दारात कधी कुणी विचारलंय, की बाबा, तुझी हुशारी राहू दे, आधी श्रीमंती सिद्ध कर? वाक्य जमलं. लगेच लिहून घेतलं. ज्ञानेश्वरी मध्येच आठ लाखांच्या मर्यादेचं काहीतरी सांगत होती. हातानेच थांब म्हटलं. टाळीचं वाक्य एकदा गेलं की परत येत नाही.

७ जुलै
तलाठी राधाकृष्ण भाऊसाहेबांकडे गेलो. रांग लांब. मी दोन शब्द बोलायला सुरुवात केली, तर लोकांनी आदराने पुढे जाऊ दिलं.
भाऊसाहेब म्हणाले, गिरणीचे वर्षाचे साठ हजार धरतो. भाषणांचे किती धरू?
मागे आदिनाथ मंडपवाला उभा होता. माझ्या सभांना स्पीकर हाच लावतो. फिदीफिदी हसत म्हणाला, "धरा की दोन नारळ!"
रांग हसली. मग मात्र स्वाभिमान जागा झाला. एका व्याख्यानाचे दहा हजार, वर्षाला चौऱ्याऐंशी व्याख्यानं. हिशेब सरळ आहे. आयोजक पैसे देत नाहीत हा त्यांचा कद्रूपणा. त्यामुळे माझं उत्पन्न कमी कसं होईल? भाऊसाहेब म्हणाले, "सर, हितं येनारा जो तो कमी करा म्हनतो. वाढवा म्हननारे तुमी पयलेच." मी म्हणालो, इतिहास पहिल्यांनीच घडवलाय. सही ठोकली. आदिनाथचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

११ जुलै
दाखला आला. वार्षिक उत्पन्न नऊ लाख. लॅमिनेट केला. चांगुणानं विचारलं, "त्यातले थोडे द्या की. गिरणीचा पट्टा तुटलाय."

१२ जुलै
ज्ञानेश्वरीनं दाखला पाहिला. रडली असती तर समजावलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, आठच्या वर गेलं. फीमाफी गेली. पाथर्डीला बीएस्सीचा फॉर्म भरते. तिथं एसटीनं जाऊन-येऊन करता येईल." आणि दळणाचे डबे उतरवायला निघून गेली.
दोष व्यवस्थेचा आहे. मर्यादा पालकांना ठळक शब्दांत सांगितली पाहिजे.
जेवण गेलं नाही.

२१ जुलै
पुन्हा भाऊसाहेब. म्हणाले, तुम्हीच लिहून दिलंय. फिरवायचं तर पंचनामा करावा लागेल. पाच पंचांनी गावासमोर सांगायचं, की सरांना भाषणातून काही मिळत नाही.
मी त्यांना अडचण समजावली. माझ्याविरुद्ध बोलायला या तिसगावात पाच माणसं आणायची कुठून?

२३ जुलै
आली. पाच मागितले होते, चावडी भरली. पोरीसाठी आलो म्हणत होते, पण चेहरे लग्नाला आल्यासारखे. ज्ञानेश्वरीनं सकाळीच गळ्याची शपथ घातली होती, की पप्पा, आज एक शब्द नाही.
छबूबाई उठल्या. "माझ्या सासऱ्याच्या दहाव्याला ह्ये बोलाया उभं ऱ्हायले. कावळा पिंडापाशी आल्ता, त्यो बी उडून गेला. कोन देतंय पैसे?"
आदिनाथ म्हणाला, "सरांना कुनी देत न्हाई. मला देत्यात, मधीच स्पीकर बंद कराया."
कुणी म्हणालं, शाल देतात, तीसुद्धा आदल्या पाहुण्याची. प्रत्येकाला माझ्याकडे जिव्हारी लागणारं उत्तर होतं. ओठांवर आलं होतं. ज्ञानेश्वरी खांबाला टेकून माझ्याकडेच बघत होती. गिळलं. तीस वर्षांत पहिल्यांदा उभा राहिलो आणि न बोलता बसलो.
कागदावर आलं : 'व्याख्यानांपासून उत्पन्न : निरंक.' भाऊसाहेब पाच सह्या पुरे म्हणाले, तरी लोक हटेनात. दोन्ही पॅनेलची माणसं एका कागदावर! गावात एकी व्हावी म्हणून मी किती भाषणं केली. ती व्हायला मीच विषय असायला हवा होतो.

८ ऑगस्ट
नवा दाखला मिळाला, फी माफ, पुण्याचा प्रवेश पक्का. ज्ञानेश्वरी पेढा द्यायला आली आणि माझ्या पाया पडली. यश संपूर्णपणे माझ्या गप्प बसण्याचं.
संकल्प : 'मौनाचं सामर्थ्य' या विषयावर व्याख्यान. अवधी दोन तास.

१७ ऑगस्ट, तिसगाव स्टँड
निरोपाचं भाषण तयार होतं. लेकीच्या हातात भलंमोठं गाठोडं. विचारलं, हे काय? चांगुणा म्हणाली, "हॉस्टेलात गार लागंल. कपाटातल्या तुमच्या सत्काराच्या शालींची गोधडी शिवली." सगळ्या शालींची. मला न विचारता.
मी घसा साफ केला. "माझ्या बंधू-भगिनींनो" इथपर्यंत आलो, तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "काका, भाषन ऱ्हाऊ द्या. गाठोडं मोठं हाय, लगेजचं तिकीट पडंल."
बेल वाजली. पोरगी खिडकीतून गोधडीवर हनुवटी टेकवून हात हलवत होती.
तीस वर्षांत माझ्या व्याख्यानांचे आज पहिल्यांदा पैसे झाले. ते चांगुणानं भरले.