मर्व्हचं जग

३ मे
पोचलो एकदाचा! बोटीने आतडी पार घुसळून काढली. माझ्यासारखा धिप्पाड सामोअन कठड्याला लोंबकळून ओकतोय म्हणून शाळेच्या पोरी खिदळत होत्या. हसा म्हटलं, हसा. बेटावर पाय ठेवला, गार वारा लागला आणि त्याच पोटात लगेच कावळे ओरडायला लागले. सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर मेकॅनिकची नोकरी आहे आणि राहायला आंटी नोलीनच्या घरातली मागची खोली. आंटी सत्तरीची, काडीसारखी बारीक आणि तोंडाने फटकळ. दारातच म्हणाली, लाफाएले, बूट बाहेर काढ, आणि छपरावरच्या पोपटांना खायला घातलंस तर तुलाही तिथेच झोपवीन. मग तळलेला कॉड मासा आणि बटाटे इतके वाढले की उठवेना. गेल्या वर्षी ऑकलंडला सीनाला मातीत ठेवलं, त्यानंतर असा पोटभर जेवलोच नव्हतो. सीना माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, मला वाढवलं ते सीनाने. जास्त लिहीत नाही, पान ओलं होईल.

९ मे
खोलीत आंटीच्या नवऱ्याचा कॉम्प्युटर आहे. मर्व्ह जाऊन दोन वर्षं झाली. तो जो खेळ खेळायचा तोच इथे अख्खं बेट खेळतं. ताऱ्यांमधलं एक मोठं राज्य कोसळलंय, ते सगळ्यांनी मिळून पुन्हा उभं करायचं. मारामारी नाही. प्रत्येकाकडे एक ओसाड जग, तिथे पाणी, दिवे, वस्ती आणायची आणि जगाजगांमधले बंद पडलेले रस्ते उघडायचे. दुसऱ्याच्या जगात काही उभारायचं असेल तर आपल्या जगातलं मोडून द्यावं लागतं, फुकट काही येत नाही. रेवी म्हणून एक मच्छीमार आहे, तो यांचा म्होरक्या. पबमध्ये मला धरून म्हणाला, तूही एक जग घे की रे, हिवाळ्यात इथे दुसरं करणार काय, समुद्राला शिव्या घालणार? घेतलं. नाव ठेवलं सीना. आमच्या गावचं चर्च बांधलं, दारातला नीरफणस लावला आणि आम्ही दोघं चटईवर झोपायचो ते बिनभिंतीचं घर उभं केलं. बांधताना छान रडू आलं.

२० मे
रेवीने कामाला जुंपलंय. शेवटचा रस्ता उघडायला माल कमी पडतोय आणि मर्व्हचं जग नुसतं पडून आहे. ते मोडायचं तर याच कॉम्प्युटरवरून. मला कसंसंच झालं. पण इथली रीतच आहे, माणूस गेला की त्याची जाळी, दोर, शेवंडीचे पिंजरे सगळ्यांत वाटून टाकतात. कुजत ठेवणं म्हणजे गेलेल्याचा अपमान. आंटीला विचारलं तर म्हणाली, घेऊन जा, मर्व्हने स्वतःच दिलं असतं, मुलखाचा भोळा होता. मग शेजारी बसून दाखवत राहिली. हे पलीकडच्या ब्लफ बंदरातलं नाचघर, इथे त्याने माझा एक पाय तुडवला आणि माफी मागायच्या गडबडीत दुसराही! गाल चक्क लाल झाले होते तिचे. ती चहा ठेवायला गेल्यावर नाचघर मोडून पाठवून दिलं.

२४ मे
जेवताना पाय तुडवल्यावरून आंटीला चिडवलं. म्हणाली, कसलं नाचघर? मी जन्मात नाचले नाही, पिऊन आलायस का? रेवीला सांगितलं तर तो हसला. म्हातारी माणसं विसरतातच, तू काय डॉक्टर लागून गेलास? तेही खरंच. आज मर्व्हने बांधलेला धक्का मोडला, त्याची बोट आणि त्यांचं लग्नाचं चर्चही.

३० मे
आंटी दाराशी उभी, हातात मर्व्हचा कोट. घरात कोण परका पुरुष येतो म्हणून माझ्यावर ओरडत होती. मी म्हटलं, अहो आंटी, मर्व्हचा आहे. म्हणाली, मर्व्ह कोण?

मग लग्नाचा फोटो दिसला तिला. या माणसाने माझ्या खांद्यावर हात का ठेवलाय, असं म्हणत भिंतीला पाठ लावून खाली बसली. जे जे मी मोडलं, ते ते तिच्या डोक्यातून गेलं. हे मी केलंय. देवा, हे मी केलंय.

६ जून
रेवीच्या हातापाया पडलो. मर्व्हचं सगळं परत दे म्हटलं. भडकलाच. इतकी वर्षं बेट राबतंय, परवा रस्ता उघडला, आता एक खिळा निघणार नाही, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाकीच्यांचंही सगळं त्या रस्त्यातच गेलंय.

देण्यासारखं उरलंय फक्त माझ्या जगात.

८ जून
नीरफणस दिला. तिकडे मर्व्हच्या जगात नाचघर उभं राहिलं. चहा ओतताना आंटी गुणगुणत होती, पाय तुडवल्याची गोष्ट नव्याने सांगितली मला, तुडवणाऱ्याचं नाव मात्र आठवेना. किती हसलो!

पडद्यावर माझ्या घराच्या दारात मोकळी जागा आहे. तिथे काहीतरी होतं. सीनाचं आणि माझं. काय होतं?

१० जून
समजलं आता, किंमत काय आहे ती. थांबायला हवं. ही बाई माझी कोण?

आंटी खुर्चीत बसून म्हणाली, माझं कुणीतरी होतं रे. नक्की होतं. नाहीतर इतकं रिकामं का वाटतं?

कसं ऐकून घेऊ? आमच्या गावचं चर्च दिलं. सीना गायची तिथे. गायची ना? आवाज कसा —

१३ जून
घर दिलं. शेवटचं.

आंटीने कोट छातीशी धरला, वास घेतला. मर्व्ह, मर्व्ह — ढसाढसा रडली. मग मला जवळ घेतलं, म्हणाली, तू का रडतोस, वेड्या?

माहीत नाही. मला खरंच —

१५ जून
फोन आलाय. टिरेसा म्हणते, मी सीनाची मुलगी, तुझी भाची. आज थडग्यावर नावाचा दगड बसवतायत. सगळे जमलेत. एकेक जण तिच्या आईची आठवण सांगतोय. म्हणाली, मामा, तिचं लहानपण तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? तुझा आवाज सगळ्यांना ऐकू जातोय. बोल.

लिहिलं तर सुचेल म्हणून लिहितोय.

तिकडे टिरेसा रडतेय. बोल ना मामा, काहीही, एक तरी —

मी म्हणालो, तुझी आई —