ओरेस्टचा उजवा हात

१२ सप्टेंबर १९९६, गुरुवार

वरच्या लीगच्या आइस हॉकी संघाच्या शिबिराला एकसष्ट जण आले आहेत. ठेवणार तेवीस. पेपरातून सगळी नावं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. गेला की रेघ मारायची.

ओरेस्टला ७४ नंबरची जर्सी दिली. असले आकडे परत पाठवायच्या माणसांना देतात — नवऱ्याबरोबर दहा वर्षं खालच्या लीगमध्ये काढल्यावर हे मला कुणी सांगायला नको. देऊ देत! आकडा काही बर्फावर उतरून खेळत नाही.

हॉटेलात बायकांची सोय नाही, म्हणून आम्ही दोघं त्याच्या येव्हामावशीच्या तळघरात उतरलो आहोत. देवमातेची तसबीर बॉयलरच्या वरच्या खिळ्याला लावली. ऊब तरी मिळेल.

१४ सप्टेंबर

पंधरा रेघा.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज वेड जेवायला आला. वेड लाबुकान — सहा हिवाळे तो आणि ओरेस्ट जोडीनं बचावाला खेळतात. त्याची बायको शार्लीन आणि मी, खालच्या संघाच्या पूर्वेकडच्या गावात आमचे दरवाजे समोरासमोर. मीठ-साखरेची उसनवारी आम्ही केव्हाच मोजायची सोडली.

बचावपटू सात ठेवणार. सहा जणांची नावं लहान पोरंसुद्धा सांगतील. राहिली एक जागा. ओरेस्ट एकतीस, वेड तीस. दोघांनाही पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही. बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, वरेनिकी, खात बसले दोघं, माणशी चौदा.

मग उद्याच्या सामन्याचं निघालं. शिबिरातल्याच लोकांचे दोन संघ, लाल आणि पांढरा. हा लाल, तो पांढऱ्यात. आणि तोंडात घास असताना दोघांनी ठरवलं, की उद्या एकमेकांशी मारामारी करायची. कोचच्या डोळ्यांत भरायचं तर आमच्यासारख्यांना हाच रस्ता. अनोळखी माणसाच्या हातून मार खाण्यापेक्षा ओळखीचा बरा.

"दुसऱ्या सत्राला," वेड म्हणाला. "पहिल्यात ते कॉफी ढवळत असतात, कुणी बघत नाही."

"नाकावर नको," ओरेस्ट म्हणाला. "आत्ता कुठे सरळ झालंय."

"सरळ? कुणी सांगितलं तुला? दारकानं? देवभोळी बाई ती, पण नवऱ्यापायी तेवढं एक खोटं बोलते." वेडनं माझ्याकडे बोट दाखवलं.

मावशी पोळपाट धूत होती. तिनं ऐकवलं, की गावाकडे खळ्यावरचे कोंबडेही भांडायचे, पण आदल्या दिवशी एका ताटात जेवून वेळ ठरवत नसत.

मला वाटलं होतं मी चिडेन. नाही चिडले. नीट मागून दहा वर्षांत मिळालं नाही. असं मागितल्यावर मिळत असेल तर असं मागू.

१८ सप्टेंबर, बुधवार

ठरल्याप्रमाणे झालं, आणि ठरल्याप्रमाणे झालं नाही.

दुसऱ्या सत्रात दोघांनी काठ्या टाकल्या, हातमोजे झटकले. मी वरच्या रांगेत, जपमाळ मुठीत. पहिले दोन ठोसे मला कळले — खांद्यावर, दंडावर, देखाव्याचे. मग वेडचा पाय घसरला. डोकं खाली आलं. ओरेस्टचा हात निघालेला होता, तो आधी हेल्मेटवर आदळला आणि मग गालावर. एवढ्या लांब आवाज आला.

वेडच्या गालाचं हाड मोडलं. नेताना त्यानं ओरेस्टकडे बघून अंगठा वर केला. ओरेस्ट शिक्षेच्या बाकावर बसला आणि त्यानं मान वर केली नाही. कोच वहीत लिहीत होता.

मी कशासाठी प्रार्थना केली, इथे लिहिणार नाही.

१९ सप्टेंबर

सकाळी लापशीचा चमचा त्यानं डाव्या हातात धरला.

मी उजवा ओढून घेतला. करंगळीखाली सगळं काळंनिळं, गाठ पेरूएवढी, बोट आत वळलेलं. हेल्मेटनं केलं ते. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाला, "आज हात दाखवला की आजच कपाटावरची नावाची पट्टी निघते. तुला ठाऊक आहे."

ठाऊक आहे. दुखणं सांगायचं नाही, हे या लोकांना चालायच्या आधी शिकवतात. ठेचाळलेला पाय, मोडलेली बरगडी, सगळं झाकून खेळायचं. त्याच्या बापानं तेच केलं, माझ्या भावांनी तेच केलं.

मग मीच दोन बोटं एकत्र बांधली. त्याच्या जुन्या बर्फातल्या बुटांमधला नमद्याचा तळ कापला, हातमोज्याचं अस्तर उसवलं, तुकडा आत घालून बारीक टाके घातले. बाहेरून काही दिसत नाही. शिवण माझी चांगली आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

कुणी विचारलं नाही, म्हणून खोटं बोलावं लागलं नाही. पण हे खोटं नाही, असं मी म्हणणार नाही.

२४ सप्टेंबर

काल दुसऱ्या शहराच्या संघाशी खरा सामना. ओरेस्टनं चकतीचे तीन फटके अंगावर घेतले. एक मांडीवर, एक पोटरीवर, एक कुठे ते तो सांगत नाही. पेपरात एक ओळ आली! 'जुनाजाणता ओरेस्ट ह्रीत्साक अजून हार मानत नाही.' ओळ कापली नाही. कापली की भोक पडतं, पेपराच्या त्याच पानामागे छापलेली उरलेल्यांची नावं फाटतात.

आता राहिले एकतीस. वेडच्या नावावर रेघ मारू का? पेन टेकवलं, उचललं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मावशीच्या जुन्या पंचांगाप्रमाणे आज क्रूसाचा सण. कडक उपास. पाणी आणि पाव.

दुपारी शार्लीनचा फोन. नऊ दिवसांत पहिला. मी दोनदा केला होता, तिनं उचलला नव्हता. वेडच्या गालात धातूची पट्टी बसवली, सहा आठवडे खेळ बंद. मी क्षमा मागायला लागले, तर तिनं अडवलं.

"दारका, जखमी माणसाला खाली पाठवता येत नाही. लीगचा नियम आहे. बरा होईपर्यंत वरच्या संघात, वरच्या पगारावर. तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला नोकरी लावून दिली."

हसली.

फोन ठेवून मी तिथेच जिन्यावर बसले. आपणही किती मूर्ख! दुखणं लपवायची एवढी सवय, की नियम काय म्हणतो ते विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. रोज सकाळी मी ते दुखणं स्वतःच्या हातानं बांधून झाकते आहे.

ओरेस्टला सांगितलं. म्हणाला, आता कशाला, मी खेळून राहणार आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज बोलावलं त्याला. खाली जायचं. सातव्या जागेला दुसऱ्या संघानं सोडलेला कुणीतरी येतोय — हा नव्हे, वेडही नव्हे. उद्या दहाला 'मी धडधाकट आहे' अशी सही करायची आणि निघायचं.

मी म्हटलं, हात दाखव.

"आणि मग? सूट घालून वरच्या गॅलरीत बसू? लोक म्हणतील, दोस्ताचा गाल फोडताना स्वतःचा हात मोडून घेतला आणि आता त्यावर खातोय. दारका, मला खेळाडू म्हणून हाकलतायत. लुळा म्हणून ठेवून घ्यायला नको."

"हाड वाकडं बसतंय. आणखी दोन महिने खेळलास तर मूठ मिटणार नाही जन्मभर."

"नाही मिटली तर नाही मिटली."

"तेरा दिवस खोटं उपयोगाचं होतं, तेव्हा मी सुईत दोरा ओवला. आज खरं उपयोगाचं आहे, तर तुला लाज वाटते?"

"हो," म्हणाला. बॅग भरायला घेतली. डाव्या हातानं.

मावशी म्हणते, नवऱ्याच्या कामात बाईनं तोंड घालू नये. मी म्हटलं, सुई घातली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.

२ ऑक्टोबर, बुधवार

साडेआठला रिंकवर गेले. मेल — संघाची मलमपट्टी तोच बघतो — टॉवेलांच्या घड्या घालत होता. त्याला सांगितलं: उजवा हात, अठरा तारखेपासून मोडलेला, आणि तो बांधून झाकणारी मी.

मेल माझ्याकडे बघेना, माझ्या मागे बघत राहिला. दारात ओरेस्ट उभा होता, बॅग खांद्यावर.

मग त्यानं बॅग खाली ठेवली, टेबलाशी येऊन बसला, आणि दातांनी चिकटपट्टीचं टोक सोडवायला लागला.